चेंबरच्या तळाशी

आमच्या डोणगावात बुलेटचं ऑइल बदलायचं म्हणजे गाडी आधी उन्हात घ्यावी लागे. मिस्त्रींच्या दुकानापुढे कडुलिंबाची ऐसपैस सावली होती आणि बाकीची सगळी कामं तिथेच चालत. ऑइल काढायची वेळ आली की मात्र ते गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला, भर उन्हात न्यायला लावायचे. "सावलीत काय दिसते बाप्पा? उनात घे," एवढंच म्हणायचे. शाळकरी वयात मला वाटायचं, ऊन लागलं की ऑइल पातळ होत असेल. मिस्त्रींना ऊन हवं असायचं ते बघायला, हे फार उशिरा कळलं. चेंबरमधून निघालेल्या काळ्या ऑइलच्या तळाशी जे काही बसलेलं असतं, ते चमकतं की नाही, चमकलं तर कोणत्या रंगाचं, हे सावलीत समजत नाही.

डोणगाव मेहकर तालुक्यातलं. नागपूरहून मालेगाव, मेहकर, सिंदखेड राजा, जालना करत औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता गावाला धरूनच जातो. रेल्वे आमच्याकडे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि आमच्या तीन पिढ्या तिच्याबद्दल ऐकतच मोठ्या झाल्या. त्यामुळे आमचं सगळं जगणं रस्त्यावर अवलंबून. कापूस न्यायचा तर रस्ता, दवाखाना गाठायचा तर रस्ता, सोयरीक जमवायची तरी रस्ताच. साहजिकच गाडीचं इंजिन हा घरातल्या माणसासारखा काळजीचा विषय होता.

मी सांगतोय तो काळ १९८०च्या पुढेमागचा. गावात तेव्हा राजदूत, येझदी, लुना अशा गाड्या. दूधवाल्यांचा जीव राजदूतवर. या सगळ्या टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचं आणि ते धुरासोबत जळून जायचं. त्या इंजिनाच्या पोटात काय झिजतंय याचा पुरावाच मागे उरत नसे. बुलेटचं तसं नव्हतं. तिचं ऑइल क्रँककेसलाच जोडलेल्या चेंबरमध्ये साठायचं, पंप ते उचलून क्रँकला आणि वर हेडपर्यंत पोहोचवायचा आणि ते पुन्हा चेंबरमध्ये उतरायचं. दोन-अडीच लिटर ऑइल दिवसभर इंजिनभर हिंडून यायचं आणि जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासलं, तिथला एकेक कण सोबत घेऊन यायचं. ते सगळं तळाशी बसत जायचं. आठवडी बाजारात अख्ख्या पंचक्रोशीच्या बातम्या जमतात ना, तसं.

आमच्या घरची बुलेट मोठ्या बाबांची. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि लष्करासाठी बुलेट आपल्याकडेच तयार होऊ लागली. त्यांतल्याच एखाद्या साठच्या दशकातल्या गाडीने लष्करातली नोकरी संपवली, लिलावात विकली गेली आणि हातोहात फिरत आमच्या अंगणात आली. ३४६ सीसीचं बिडाचं इंजिन, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक. पिस्टन असा लांब पल्ल्याचा, म्हणून ठोका संथ आणि भारदस्त. अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबायचा आणि मगच किक. मोठे बाबा शेतातून निघाले की तो आवाज गावाच्या वेशीपासून ऐकू यायचा आणि मोठी आई चहाचं आधण ठेवायची.

त्या गाडीचं ऑइल दोन-तीन हजार किलोमीटरला बदलत. मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणायची. "थंड ऑइल काढलं तं निस्तं ऑइल निघते, गाळ आतच राह्यते," असं ते म्हणत. मग चेंबरखालचे नट खोलायचे आणि जुन्या धोतराचा धुवून पातळ झालेला तुकडा परातीवर ताणून त्यातून ऑइल गाळायचं. परात भरली की कापडावर उरलेला गाळ थोड्या रॉकेलने धुवायचा आणि तो तुकडा उन्हात, सायकलच्या कॅरिअरवर पसरून ठेवायचा. तेवढ्यात मिस्त्रींचा चहा व्हायचा. चहा झाला की ते चष्मा पुसून कापडाजवळ उकिडवे बसत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, अगदी मोठ्या बाबांनीही नाही.

त्यांच्या खिशात फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक असे. त्यावर ते कागद गुंडाळायचे आणि मगच गाळावरून फिरवायचे. कागद सोडवला की चिकटलेला चुरा आपोआप सुटून पडतो, चुंबक स्वच्छ राहतं. चुंबकाला काळी, बारीक लव आली तर ते निवांत असत. रिंगा आणि गिअरचे दाते थोडे थोडे घासतातच, त्याची ती लव. पण त्यात एखादी लांब, टोकदार कपची सापडली की कपाळाला आठी पडायची. कपची म्हणजे दात्याचा टवका उडाला असावा, नाहीतर बेअरिंगच्या वाटीचा.

खरी परीक्षा चुंबकाला न चिकटणाऱ्या चुऱ्याची. तांबूस सोनेरी झाक असेल तर कासं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचा छोटा बुश किंवा टायमिंगकडचा एखादा बुश. पांढरा, वजनाला हलका, पापुद्र्यासारखा असेल तर पिस्टनचं अॅल्युमिनियम. चिमटीत घासल्यावर करकरला आणि दोन काचांमध्ये चोळल्यावर काचेवर ओरखडे उठले तर तो धातूच नव्हे, ती आमच्या रस्त्याची धूळ. एअर फिल्टरने दगा दिला आणि धूळ आत जाऊन रिंगा खातेय, असा त्याचा अर्थ. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलं. वास घेतला आणि पेट्रोल जाणवलं तर कार्बोरेटर रात्रभर झिरपत होता.

यात एक चुरा मात्र फार फसवा होता. १९८४चा उन्हाळा असावा, मी आठवीत होतो. मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. मोठ्या बाबांची गाडी उत्तम चालत होती, धूर नाही, आवाज नाही. पेरणीच्या धावपळीआधी ऑइल बदलून टाकावं म्हणून ती मिस्त्रींकडे नेली, एवढंच. कापडावर राखाडी-पांढरे, नखाच्या कपचीपेक्षाही लहान तुकडे निघाले. चुंबक फिरवलं, चिकटले नाहीत. मोठे बाबा म्हणाले, पिस्टन असेल. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी एक तुकडा चिमट्याने उचलला, लोखंडी चमच्यात ठेवला आणि चमचा स्टोव्हवर धरला. काही क्षणांतच तुकड्याचे कोपरे गोल झाले आणि त्याचा टपोरा, चकाकणारा थेंब झाला. चमचा हलवला की तो थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळायचा.

"अॅल्युमिनम असं लवकर पघळत नाई, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "हे कल्हईवालं कथिल हाये. मोठा बुश सुटून राह्यला."

मला ते दृश्य ओळखीचं होतं. कल्हईवाला गावात आला की भात्याची फुंक, नवसागराचा पांढरा धूर आणि तांब्याच्या भांड्यात फिरणारा कथलाचा असाच थेंब मी पुष्कळदा पाहिला होता. कथिल २३२ अंशांना वितळतं, अॅल्युमिनियमला ६६० अंश लागतात, हे आकडे मी पुढे कॉलेजात शिकलो. मिस्त्रींना आकडे ठाऊक असोत-नसोत, त्यातला फरक त्यांनी स्टोव्हवर दाखवला. त्या काळच्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बेअरिंगऐवजी एक मोकळा फिरणारा बुश असे. पोलादी कड्याला आतून-बाहेरून पांढऱ्या धातूचा लेप दिलेला असायचा. कथलात थोडं अँटिमनी आणि तांबं मिसळून केलेला हा धातू १८३९ साली अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी शोधला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. ऑइल कमी पडलं तर आधी त्याने झिजायचं आणि क्रँकची महागाची पिन वाचवायची, हा त्याचा धर्म.

मोठे बाबा म्हणाले, "पण ठोका तर काहीच येत नाही."

मिस्त्रींचं उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. "ठोका आल्यावर तं कोणीबी सांगते, भाऊ. ठोका यायच्या आंधी सांगन तो मिस्त्री."

इंजिन खोललं. बुशाचा लेप एका बाजूला रुपयाएवढा उडाला होता. क्रँकपिन मात्र अजून आरशासारखी होती, नखाला कुठेही अडत नव्हती. आठवडाभर गाडी तशीच चालली असती तर पिन खाल्ली गेली असती, रॉडही गेला असता आणि सगळं घेऊन अकोल्याला लेथवर जावं लागलं असतं, तेही ऐन पेरणीत. मिस्त्री बुश बदलून थांबले नाहीत. त्यांनी टायमिंग कव्हरमधला फेल्टचा फिल्टर ओढून काढला. तो धुळीने आणि गाळाने डांबरासारखा घट्ट झाला होता. याच फिल्टरमधून ऑइल मोठ्या बुशाकडे जातं. वाटच बुजलेली, मग बुशाने काय करावं? रोग एका जागी आणि त्याचं मूळ दुसऱ्या जागी. दोन्ही सापडले ते एका धोतराच्या तुकड्यावर.

उरलेलं जळकं ऑइल कधी वाया जात नसे. बैलगाड्यावाले डबा घेऊन यायचे आणि आखाला घालायला न्यायचे. कोणी घराच्या सऱ्यांना, चौकटींना वाळवीसाठी चोपडायचं. आज वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६च्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या ठिकाणीच जायला हवं आणि ते योग्यच आहे. आमच्या मिस्त्रींची बोटं आयुष्यभर त्यातच बुडालेली असत, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

त्या वर्षानंतर गावातल्या गाड्या झपाट्याने बदलल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती आणि गाडी खरोखरच तशी निघाली. पुढे स्प्लेंडर आली, शेतात कापूस-ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि सोयाबीनच्या पैशातून घरोघरी गाडी आली. या गाड्यांमुळे फोर-स्ट्रोक इंजिन आणि चेंबरमधलं ऑइल हे गावात सगळ्यांकडे पोहोचलं. म्हणजे वाचायचं पुस्तक घरोघरी गेलं आणि नेमकं त्याच वेळी ते वाचायची सवय सुटली.

परवा पुतण्याच्या गाडीसोबत सर्व्हिसिंगला गेलो होतो. जागा स्वच्छ, पोरं कामाला तरबेज. गाडी रॅम्पवर चढली, स्कॅनर लावला, पडद्यावर एकही एरर कोड नव्हता. खालचा नट खोलला आणि ऑइल नरसाळ्यातून थेट मोठ्या ड्रममध्ये गेलं. पुरत्या दोन मिनिटांत गाडी पुढच्या रॅम्पवर. मी विचारलं, ऑइल जरा बघता येईल का? त्या मुलाने आदराने सांगितलं, "काका, किलोमीटर पूर्ण झाले ना, म्हणून बदललं. खराब नव्हतं." त्याचं चुकलं नाही. त्याला तसंच शिकवलंय आणि दिवसाला इतक्या गाड्या हातावेगळ्या करायच्या असतील तर दुसरं करणार तरी काय?

आजची इंजिनं सरस आहेत, हे मी मनापासून मान्य करतो. ऑइल मल्टिग्रेड झालं, थंडीतही पातळ राहतं आणि उन्हाळ्यातही दम धरतं. फिल्टर कागदी झाले, पार्ट सूताएवढाही फरक न ठेवता बनतात. मोठ्या बाबांच्या काळात जालन्याला जायचं तर सीटखाली पाने, प्लग, क्लचची वायर, सगळं बांधून निघावं लागे. आज पोरगा मोबाइल खिशात टाकतो आणि निघतो. जवळून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर दुचाकीला परवानगी नाही, म्हणून आमच्या गाड्या अजून जुन्याच रस्त्याने धावतात, पण न बिघडता धावतात. हे सुख लहान नाही. ज्यांनी रात्री दहा वाजता रस्त्यात बुलेट ढकलली आहे, त्यांना ते कळतं.

तरी स्कॅनरला ठाऊक असतं ते सेन्सरने सांगितलेलं. हवा किती, पेट्रोल किती, तापमान किती. बुशाचं कासं ऑइलमध्ये उतरायला लागलंय हे आपल्या रोजच्या गाडीचा कुठलाच सेन्सर सांगत नाही. जिथे एका इंजिनावर शेकडो जीव असतात, तिथे मात्र ही नजर सुटलेली नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी डिझेल इंजिनांचं ऑइल तपासून त्यात लोखंड किती, तांबं किती हे मोजायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशी तपासणी होते. १९७०च्या दशकात फेरोग्राफी आली. तिच्यात चुंबकाच्या जोरावर ऑइलमधले कण काचपट्टीवर ओळीने बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार बघतात. विमानाच्या इंजिनात तर ऑइलच्या वाटेवरच चुंबकाचा प्लग बसवलेला असतो. हे सगळं वाचताना मला कागदात गुंडाळलेलं ते स्पीकरचं चुंबक दिसत राहतं.

या तपासणीचा एक नियम मी वाचला आणि थबकलो. एका नमुन्यावरून निदान करू नये. मागच्या नमुन्याशी ताडून पाहावं. आकडा किती, यापेक्षा तो वाढतोय का, हे महत्त्वाचं.

थबकलो, कारण मिस्त्री पुड्या बांधायचे. ऑइल बदललं की कापडावरचा चुरा ते जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या तुकड्यात घेऊन, औषधाची पुडी बांधतात तशी बांधत आणि वर पेन्सिलीने लिहीत. तारीख नाही, सण. 'मृग', 'पोळा', 'दिवाळी' आणि पुढे साल. पुडी गाडीच्या मालकाला देत, "ठिव घरी, पुढल्या वेळेले घेऊन ये" म्हणत. लोक हसायचे. मोठे बाबा हसत नसत. त्या १९८४नंतर तर नाहीच. ते पुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत.

गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला आणि त्याने बुलेट चालू करायचा हट्ट धरला. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मिस्त्रीही गेले. गाडी ओसरीत ताडपत्रीखाली उभी होती. प्लग साफ केला, पॉइंट घासले, ताजं पेट्रोल घातलं, ऑइल बदललं. तिसऱ्या दिवशी ती लागली. मोठी आई आता नव्वदीच्या घरात आहे. तो आवाज ऐकून ती आतून काठी टेकत बाहेर आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. काही बोलली नाही.

आठ दिवस गाडी गावातल्या गावात फिरवली आणि मी म्हटलं, आता ऑइल काढू आणि उन्हात काढू. जुन्या ओढणीचा तुकडा घेतला, परात घेतली. पुतण्याने मोबाइलचा टॉर्च लावला, मी तो बंद करायला लावला. ऊन पुरेसं होतं. कापडावर काळी लव होती, ती चुंबकाने उचलली. मागे सोनेरी कण उरले, चांगले दहा-पंधरा. चमच्यात घेऊन गॅसवर धरले, वितळले नाहीत. म्हणजे कथिल नव्हे, कासं. पुतण्याचा चेहरा उतरला. "इंजिन खोलावं लागेल का काका?" जुन्या बिडाच्या इंजिनाचे पार्ट आता शोधत फिरावे लागतात, आणि खोलून नीट बसवणारा हातही.

तेव्हा मला तो डबा आठवला. कोठीतल्या माळ्यावर, जुन्या पावत्यांच्या खाली सापडला. आत चार पुड्या होत्या. कागद तेलाने पारदर्शक झाला होता, पण पेन्सिल वाचता येत होती. शेवटची होती 'पोळा ९१'. जपून उलगडली. आत राखेसारखी लव आणि तिच्यात सोनेरी कण, जरा काळवंडलेले. आम्ही दोघांनी ते पांढऱ्या कागदावर मोजले. बारा निघाले. 'दिवाळी ९०' मध्येही साधारण तेवढेच. म्हणजे हा बुश तेव्हाही असाच थोडा थोडा झिजत होता आणि मिस्त्रींनी तो पाहून, जोखून, तसाच राहू दिला होता. घाई नव्हती त्याला.

तरी खात्री हवी म्हणून तीनशे किलोमीटर गाडी चालवली. मेहकरला शारंगधर बालाजीला गेलो, एकदा लोणारला जाऊन सरोवराच्या काठावर उभे राहिलो. परत आल्यावर पुन्हा ऑइल गाळलं. कण चार. इंजिन खोललं नाही.

पुतण्याने मोबाइलमध्ये फोटो काढले, तारीख टाकली, किलोमीटर लिहिले. मग जरा थांबून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरून गेलेलं पान फाडलं. पुडी बांधायला त्याला जमेना, दोनदा चुरा सांडला. मोठ्या आईने हात पुढे केला, कागद घेतला आणि थरथरत्या बोटांनी घडी घालून दिली. वर त्याने पेन्सिलीने लिहिलं, 'दिवाळी' आणि पुढे साल. डबा माळ्यावर परत गेला नाही. तो आता ओसरीत, गाडीजवळच्या कोनाड्यात असतो.